पर्यावरणाचे दावे आणि ग्राहक : बारामती-इंदापूरच्या मालाचा आढावा

एखाद्या मालामुळे, सेवेमुळे किंवा उत्पादनपद्धतीमुळे निसर्गाची हानी कमी होते, असे व्यवसायाने ग्राहकाला सांगणे म्हणजे पर्यावरणीय दावा. तो शब्दांत असतो, वेष्टनावरच्या हिरव्या पानात असतो, कधी जाहिरातीतल्या नुसत्या चित्रात असतो. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडचे बारामती आणि इंदापूर हे तालुके या विषयाच्या अभ्यासाला सोयीचे आहेत, कारण असे दावे ज्यांच्याबाबत केले जातात त्यांपैकी बहुतेक प्रकारचा माल येथे तयार होतो. नीरा डाव्या कालव्याखालचा ऊस, त्यावर चालणारे माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती यांसारखे साखर कारखाने, आसवन्या, गुऱ्हाळे, इंदापूरची द्राक्षे आणि डाळिंबे, दूध आणि चीज, भिगवणजवळचा कागद, बारामती एमआयडीसीतली चॉकलेटे आणि तीनचाकी वाहने असा हा पसारा आहे.

या दाव्यांचे वैशिष्ट्य असे की ग्राहकाला ते स्वतः तपासता येत नाहीत. कापडाचा रंग पहिल्या धुण्यात कळतो, फळाची गोडी खाल्ल्यावर कळते. गुळाची ढेप सेंद्रिय उसाची होती की नव्हती, हे ती संपल्यावरही कळत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा गुणांचा वेगळा वर्ग मांडला. हे गुण केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विकत घेतले जातात. अशा बाजारात खोटा दावा करणाऱ्याला खरेपणाचा खर्च येत नाही, भाव मात्र खरेपणाचा मिळतो. त्यामुळे या प्रश्नात फसवला जाणारा ग्राहक जसा पक्षकार आहे, तसाच प्रामाणिक उत्पादकही आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात ग्राहकाच्या हक्काची संघटित भाषा सत्तरच्या दशकात आली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तेव्हाचे मुद्दे भेसळ, वजनमाप आणि साठेबाजीचे होते. पर्यावरण त्यांत नव्हते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही पर्यावरणीय दाव्याचा वेगळा उल्लेख नाही. केंद्र सरकारने १९९१ मध्ये 'इकोमार्क' ही योजना आणली आणि मातीचा माठ हे तिचे चिन्ह ठरवले. चिन्ह नेमके होते, योजना मात्र फारशी चालली नाही. सहभाग ऐच्छिक होता आणि दुकानात ते चिन्ह मागणारे गिऱ्हाईक नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये नवे इकोमार्क नियम अधिसूचित झाले.

जगात याच काळात दोन वाटा तयार झाल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९२ मध्ये पर्यावरणीय जाहिरातींसाठी मार्गदर्शिका काढली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९९ मध्ये आयएसओ १४०२१ हे मानक केले. उत्पादकाने स्वतःहून केलेल्या दाव्यांची शिस्त त्यात आहे. 'ग्रीनवॉशिंग' हा शब्द अमेरिकी पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ मध्ये हॉटेलांच्या टॉवेल वाचवण्याच्या आवाहनांवर लिहिताना वापरला होता. तो सर्वतोमुखी व्हायला मात्र मोठी प्रकरणे घडावी लागली. २०१५ मध्ये उघड झालेले फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण त्यांतले सर्वांत गाजलेले. चाकणला कारखाना असलेल्या या कंपनीला राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड सुनावला. त्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. या प्रकरणात उत्सर्जन चाचणीलाच चकवणारी यंत्रणा गाडीत बसवलेली होती. बाजारातले बहुतेक दावे इतके धीट नसतात. ते अर्धे खरे असतात, आणि नियमनाची खरी अडचण तीच आहे.

२०२४ ची चौकट

सध्याची कायदेशीर चौकट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यावर उभी आहे. त्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्रीनवॉशिंग आणि दिशाभूल करणारे पर्यावरणीय दावे रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्याआधी, फेब्रुवारी २०२४ पासून, जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण संस्थेने म्हणजे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने आपले नियम लागू केले होते. दोहोंचा गाभा एकच आहे. 'पर्यावरणपूरक', 'नैसर्गिक', 'सेंद्रिय', 'शुद्ध', 'शाश्वत', 'कार्बन न्यूट्रल' हे शब्द मोघमपणे वापरता येत नाहीत; त्यांचा अर्थ मर्यादित करणारा खुलासा आणि पुरावा सोबत लागतो. दावा संपूर्ण मालाबद्दल आहे, त्याच्या एका भागाबद्दल, वेष्टनाबद्दल की उत्पादनाच्या एखाद्या टप्प्याबद्दल, हे स्पष्ट करावे लागते. खुलासा जाहिरातीत मावत नसेल तर क्यूआर कोड चालतो. 'कंपोस्ट होणारे', 'पुनर्वापरयोग्य', 'अमुकमुक्त' अशा नेमक्या दाव्यांसाठी प्रमाणपत्र, विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थ पडताळणी हवी. भविष्यातल्या उद्दिष्टाची जाहिरात करायची तर ते गाठण्याची ठोस योजना दाखवावी लागते.

काय दावा मानले जात नाही, हेही तत्त्वांत सांगितले आहे. केवळ हिरवा रंग किंवा निसर्गचित्र, फसवणुकीचा हेतू नसेल तर, ग्रीनवॉशिंग ठरत नाही. कंपनीच्या ध्येयवाक्यात 'आमची वाढ शाश्वततेच्या तत्त्वांवर होईल' असे असले तरी तो दावा नव्हे. 'आमची सर्व उत्पादने शाश्वत पद्धतीने बनतात' हा मात्र दावा आहे आणि त्याची तपासणी होऊ शकते. भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे छायाचित्र एखाद्या खाद्यपदार्थाच्या पाकिटावर छापले तर ते सजावट की उजनी जलाशयाच्या जपणुकीचा सूचक दावा, हे शेजारच्या मजकुरावर ठरेल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते.

सेंद्रिय, विषमुक्त, रेसिड्यू फ्री

शेतमालावरचे सर्वाधिक वापरलेले तीन शब्द हेच आणि सर्वाधिक गोंधळही त्यांचाच आहे. 'सेंद्रिय' हा प्रक्रियेचा दावा आहे. शेतात काय वापरले आणि काय वापरले नाही, हे तो सांगतो. 'रेसिड्यू फ्री' हा परिणामाचा दावा आहे; काढणीच्या वेळी फळात कीडनाशकाचा अंश उरला नाही, एवढेच त्यात येते. फवारणी झालेलीच नाही असा त्याचा अर्थ नाही. 'विषमुक्त' या शब्दाला कायद्यात पक्की व्याख्या नाही आणि बाजारात तोच सर्वांत जोरात चालतो.

सेंद्रिय दाव्याला भारतात कायदा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे विनियम २०१७ मध्ये आले. त्यानुसार वाणिज्य मंत्रालयाच्या 'एनपीओपी' कार्यक्रमाखाली त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र किंवा कृषी मंत्रालयाच्या 'पीजीएस-इंडिया' पद्धतीचे प्रमाणपत्र लागते. पीजीएसमध्ये किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो. खर्च नगण्य असतो, पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला नापास करण्याचे धैर्य त्यात गृहीत धरलेले आहे. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाने थेट ग्राहकाला माल विकला तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. 'जैविक भारत' हे चिन्ह मात्र त्याला वापरता येत नाही. पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांत शनिवार-रविवारी जो सेंद्रिय माल विकला जातो, त्यातला बराचसा या सवलतीत बसतो. म्हणजे तो कायदेशीर आहे, प्रमाणित नाही. हा फरक विक्रेत्याने स्वतःहून सांगणे हा प्रामाणिक दाव्याचा पहिला धडा ठरावा.

प्रमाणपत्र असले म्हणजे प्रश्न मिटतो, असेही नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने जानेवारी २०२१ मध्ये भारतीय सेंद्रिय प्रमाणीकरण व्यवस्थेची मान्यता काढून घेतली आणि भारतीय निर्यातदारांना थेट अमेरिकी नियमांनुसार प्रमाणपत्र घ्यावे लागले. एनपीओपीची आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, तिच्यामागे या अनुभवाचाही भाग असावा.

द्राक्षांचा अनुभव यापेक्षा बोलका आहे. इंदापूर तालुक्यात बोरी, लासुर्णे, कळस या भागात निर्यातीची द्राक्षे पिकतात. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशांवरून भारतीय द्राक्षे युरोपात अडल्यावर 'अपेडा' या केंद्रीय कृषी निर्यात प्राधिकरणाने अवशेष तपासणीचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे २००६-०७ मध्ये 'ग्रेपनेट' ही माग काढणारी यंत्रणा उभी केली. प्रत्येक बागेची नोंदणी, काढणीपूर्वी नमुना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस आणि पेटीवरचा क्रमांक अशी ती साखळी आहे. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तिच्यावर देखरेख ठेवते. शेतमालाच्या दाव्यांमागे पुरावा कसा उभा करावा, याचे देशातले हे बहुधा सर्वोत्तम उदाहरण असेल.

तरीही २०१० मध्ये ही यंत्रणा तोंडघशी पडली. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला 'लिहोसिन' म्हणून ओळखतात ते वाढ-नियंत्रक, युरोपातल्या तपासणीत मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि कंटेनर बंदरांत अडकून पडले. खोटा अहवाल कोणी दिला नव्हता. ते रसायन तपासायच्या यादीतच नव्हते. त्यानंतर यादीची दरवर्षी फेरतपासणी अधिक काटेकोर झाली. 'काहीही आढळले नाही' या वाक्याला 'जे शोधले त्यांपैकी' ही पुस्ती जोडावीच लागते, हे या प्रकरणाने दाखवले. युरोपीय संघात विशिष्ट मर्यादा ठरलेली नसेल तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते. म्हणून 'शून्य अवशेष' याचा व्यवहारातला अर्थ 'यंत्राला मोजता येईल त्याच्या खाली' असा असतो. निर्यातीच्या पेटीला लागणारी ही कागदपत्रे देशातल्या बाजारात जाणाऱ्या पेटीला लागत नाहीत. एकाच बागेतून दोन प्रकारचा पुरावा बाहेर पडतो, हा मुद्दा ग्राहक संघटना अधूनमधून मांडतात. त्यावर अजून धोरण नाही.

येथे शेतकरी हाही ग्राहक असतो, हे विसरले जाते. 'जैविक', 'हर्बल' असे लिहिलेल्या बाटल्यांत रासायनिक कीडनाशक मिसळलेले आढळते, तेव्हा पहिला फसतो तो बागायतदार आणि त्याच्या द्राक्षांत अंश सापडल्यावर बदनाम होतो तोही तोच. जैवउत्तेजकांना फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणले गेले, ते काही अंशी याच कारणाने. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात भरणाऱ्या 'कृषिक' प्रदर्शनात शेतकरी जेव्हा 'अवशेषविरहित' उत्पादनाचे माहितीपत्रक हातात घेतो, तेव्हा त्याची स्थिती शहरातल्या गूळ घेणाऱ्या गृहिणीपेक्षा वेगळी नसते.

गुळाची गोष्ट थोडी निराळी आहे. पिवळाधमक गूळ बाजारात उठतो, काळपट पडून राहतो. म्हणून काहिलीत सोडियम हायड्रोसल्फाइट, गुऱ्हाळावरच्या भाषेत 'हायड्रोस', टाकला जातो. त्याने येणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा अन्नसुरक्षा मानकांत दहा लाख भागांत ७० भाग अशी आहे. मर्यादेत राहिलेला गूळ कायदेशीर आहे, पण तो 'केमिकल फ्री' नव्हे. भेंडीचा रस वापरून मळी काढलेल्या, हायड्रोस न घातलेल्या गुळाला तसे म्हणता येईल का? तेथेही रसाची आम्लता कमी करायला चुना लागतोच. शिवाय उकळताना रसायन नसणे आणि ऊस रासायनिक खताशिवाय वाढणे हे दोन स्वतंत्र दावे आहेत, आणि पाकिटावर ते सहसा एकाच शब्दात कोंबलेले असतात. 'हायड्रोस न वापरता केलेला गूळ. ऊस सेंद्रिय प्रमाणित नाही' हे वाक्य विक्रीला जड जाईल, पण खोटे ठरणार नाही.

ऊस, साखर आणि इथेनॉल : सीमारेषेचा प्रश्न

साखरेच्या बाबतीत पहिली अडचण अशी की ग्राहकाला कारखाना दिसतच नाही. निविदा काढून व्यापाऱ्याला पोत्यांनी विकलेली साखर किराणा दुकानात निनावी होते. दावे येतात ते पुढच्या टप्प्यावर: शीतपेयाच्या, बिस्किटाच्या किंवा पेट्रोलच्या नावाने. कारखाना बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जाळून सहवीजनिर्मिती करतो, ते खरेच कोळशाला पर्याय देते. पण त्याच उसाला लागलेले पाणी, युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड आणि काही शेतांत अजूनही पेटवले जाणारे पाचट हे सर्व 'हरित ऊर्जा' या शब्दाच्या सीमेबाहेर राहते. दावा खोटा नसतो. त्याचे कुंपण सोयीचे असते.

इथेनॉलमध्ये हा वाद सर्वांत ठळक झाला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. नीति आयोगाच्या अभ्यासाच्या आधारे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की उसाच्या इथेनॉलमुळे हरितगृह वायूंचे उत्सर्जन पेट्रोलच्या तुलनेत ६५ टक्के आणि मक्याच्या इथेनॉलमुळे ५० टक्के कमी होते. त्याच नीति आयोगाच्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यात एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असाही हिशेब आहे. दोन्ही आकडे अधिकृत आहेत. जाहिरातीत पहिला येतो. साखर उद्योगाचे म्हणणे असे की ऊस साखरेसाठी लावलेलाच असतो आणि मळीपासूनचे इथेनॉल हे उपपदार्थाचे मूल्यवर्धन आहे, म्हणून सर्व पाणी त्याच्या खाती टाकणे अन्यायाचे आहे. मळीपुरता या युक्तिवादात तथ्य आहे. थेट रसापासून इथेनॉल केले की तो लागू पडत नाही. पाण्याची वाटणी साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) यांत वजनावर करायची, किमतीवर की ऊर्जेवर, यावर एकमत नाही, आणि पद्धत बदलली की आकडा बदलतो. पंपावर वाहनधारकाला मात्र यांतले काहीच सांगितले जात नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपांवर स्पष्ट लेबल मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

आसवनीच्या सांडपाण्याबाबत आणखी एक नाजूक मुद्दा आहे. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो आणि तो नदीत न सोडणे ही प्रदूषण नियंत्रण मंडळाची अट आहे. नीरेच्या काठच्या गावांतून मळीमिश्रित पाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. अशा स्थितीत 'शून्य सांडपाणी' हे आपले औदार्य म्हणून जाहिरातीत मांडणे म्हणजे कायद्याचे पालन गुण म्हणून विकणे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एका निर्देशाने कायद्याने बंधनकारक असलेली गोष्ट वैशिष्ट्य म्हणून सांगण्याला मनाई केली आहे आणि तो २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू करायचा आहे.

पाणीबचतीच्या दाव्यांनाही सीमारेषा लागते. ठिबकने एकरी पाणी कमी लागते, हे निर्विवाद. पण वाचलेल्या पाण्यावर जिरायत पट्ट्यात आणखी ऊस लावला गेला, तर कालव्यातून उचललेले एकूण पाणी तेवढेच राहते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने चालवलेला कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा ऊसप्रयोग २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी उल्लेखल्यामुळे जगभर पोचला. त्यातले उत्पादनवाढीचे आणि पाणीबचतीचे आकडे बातम्यांत 'इतक्या टक्क्यांपर्यंत' अशा रूपात फिरले. कमाल आकडा आणि सरासरी आकडा यांतला फरक, तुलना कोणत्या शेतीशी केली तो संदर्भ आणि सलग हंगामांतली पडताळणी, एवढे सोबत आले तर असा दावा शास्त्राच्या कसाला लागतो. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. निष्कर्षाला घाई परवडत नाही.

साखरेच्या दाव्यांचा मानवी भाग मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांच्या शोधपत्रकारितेने पुढे आणला. महाराष्ट्रातली साखर जागतिक शीतपेय कंपन्यांपर्यंत पोचते, 'बॉन्सुक्रो' हे शाश्वत उसाचे प्रमाणपत्रही तेथे वापरले जाते, आणि तरी ऊसतोड स्त्रियांची उचलीत (आगाऊ घेतलेल्या रकमेत) अडकलेली मजुरी, बालविवाह आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया लेखापरीक्षणात दिसत नाहीत, असे त्यात दाखवले होते. प्रश्न राज्याला नवा नव्हता. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे २०१९ मध्ये आलेल्या बीड जिल्ह्याच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. बारामती-इंदापूरच्या फडांतही टोळ्या बीड आणि अहिल्यानगरकडूनच येतात. मजूर मुकादमाचा की कारखान्याचा, हा वाद जुना आहे. प्रमाणीकरण संस्थेने कारखान्याचे दप्तर तपासले आणि फडातली कोपी (मजुरांची झोपडी) पाहिली नाही, तर 'शाश्वत' या शब्दात कोयत्याची जोडी, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको, येते की नाही, हे अनुत्तरित राहते. केंद्रीय तत्त्वे केवळ पर्यावरणीय दाव्यांपुरती असल्याने त्यांतूनही उत्तर मिळत नाही.

दूध, वेष्टन, वाहने, कागद

दुधाच्या पिशवीवरचा 'पुनर्वापरयोग्य' हा शब्द तांत्रिकदृष्ट्या खरा असतो, पण कापलेला कोपरा वेगळा पडून कचऱ्यात जातो आणि पिशवी परत येण्याची साखळी नसेल तर योग्यता कागदावरच राहते. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत महाराष्ट्राने दूधपिशवीला ५० पैसे परतावा ठरवला होता. व्यवहारात तो रुजला नाही. विशिष्ट प्रकारच्या प्रथिनाचा दावा करणाऱ्या 'ए२' दुधाचे प्रकरण पर्यावरणाचे नसले तरी शिकवणारे आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी तो दावा पाकिटांवरून काढायला सांगितला आणि पाचच दिवसांत आदेश मागे घेतला. नियामकच डळमळला की प्रामाणिक डेअरीनेही काय छापावे, हे ठरत नाही.

बारामतीत पियाज्योच्या तीनचाकी गाड्या बनतात आणि कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये विजेवरची रिक्षा बाजारात आणली. विजेच्या कोणत्याही वाहनाबद्दल 'शून्य उत्सर्जन' म्हणताना 'धुराड्यातून' हा शब्द गाळता येत नाही, कारण देशातल्या ग्रिडच्या एका युनिट विजेमागे अजून सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शहराच्या हवेसाठी तरी हा बदल चांगलाच आहे. तेवढे सांगणे पुरेसे आहे.

कागद आणि चॉकलेट यांच्यात प्रश्न मिसळीचा आहे. जंगलांचे प्रमाणीकरण करणाऱ्या एफएससीच्या '१०० टक्के', 'मिश्र' आणि 'पुनर्चक्रित' या तीन लेबलांचे अर्थ वेगळे आहेत, ग्राहकाला मात्र झाडाचे एकच चिन्ह दिसते. पाम तेलात प्रमाणित तेल वेगळे ठेवण्याची आणि हिशेबापुरते जुळवून प्रत्यक्षात मिसळण्याची, अशा दोन्ही पद्धती मान्य आहेत. बारामतीत कारखाना असलेली फेरेरो कंपनी आपले पाम तेल वेगळे ठेवलेल्या प्रमाणित साखळीतून येते असे जाहीर करते. दुसऱ्या पद्धतीने घेतलेल्या तेलाबद्दल 'यात शाश्वत तेल आहे' असे न म्हणता 'आम्ही तेवढ्या शाश्वत तेलाला पैसे दिले' असे म्हणणे बरोबर ठरते.

मतप्रवाह

पहिला प्रवाह नियामकांचा आणि ग्राहक संघटनांचा. त्यांच्या मते त्रयस्थ पडताळणीशिवाय दावा नको. पुराव्याचा भार विक्रेत्यावर हवा. दुसरा लहान उत्पादकांचा आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचा. पाच एकरांच्या बागेला आणि बहुराष्ट्रीय कंपनीला एकच कसोटी लावली तर प्रमाणपत्राचा खर्च पेलणाराच 'हरित' ठरेल, असे ते म्हणतात. या म्हणण्याला वजन आहे. खरोखर शेणखतावर ऊस घेणारा पण कागद नसलेला शेतकरी या तालुक्यांत आहेच. उद्योगांचा तिसरा आक्षेप असा की दंडाच्या भीतीने कंपन्या चांगल्या कामाबद्दलही गप्प बसतील. युरोपात दाव्यांची पूर्वपडताळणी सक्तीची करणारा प्रस्ताव जून २०२५ मध्ये अडला, त्यात लहान उद्योगांवरच्या ओझ्याचा मुद्दा मोठा होता. चौथ्या मताचे लोक लेबलांच्या भानगडीतच पडत नाहीत. नदी स्वच्छ ठेवणे हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे, किराणा दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाच्या निवडीचे नव्हे, असे ते मानतात. हे मत लेबलांविरुद्ध जितके आहे त्याहून अधिक ढिल्या अंमलबजावणीविरुद्ध आहे.

या चारही मतांना मान्य होईल असा किमान पाया मात्र दिसतो. दावा लहान असावा, मोजलेला असावा आणि त्याची हद्द सांगितलेली असावी. 'पर्यावरणपूरक साखर' याऐवजी 'या हंगामात कारखान्याची वाफ आणि वीज बगॅसपासून; शेतातले पाणी आणि खत या हिशेबात नाही'. 'विषमुक्त द्राक्षे' याऐवजी नमुन्याची तारीख, तपासलेल्या रसायनांची संख्या आणि अहवालाचा क्यूआर कोड. 'कार्बन न्यूट्रल' याऐवजी स्वतःचे उत्सर्जन किती घटले आणि किती बाहेरून विकत घेतलेल्या श्रेयांकांनी भरून काढले, हे दोन आकडे वेगवेगळे. पीजीएस गटाचा माल असेल तर तसे नाव घेऊन. सवलतीतला असेल तर 'प्रमाणित नाही, शेत पाहता येईल' असे. शेत पाहायला येणारे ग्राहक थोडेच असतील, पण निमंत्रण देणाऱ्याला आपले शेत तसे ठेवावे लागते.

अनिर्णित राहिलेले

पाण्याचा दावा कसा मोजावा याचे सर्वमान्य मानक भारतात नाही. शेताच्या बांधावर मोजायचे की कालव्याच्या मुखाशी, हा वाद उघडा आहे. सहउत्पादनांत भार वाटण्याची पद्धत ठरलेली नाही. ऊसतोड मजुरांचे प्रश्न 'शाश्वत' या शब्दात सक्तीने यावेत का, यावर प्रमाणीकरण संस्थांतच एकवाक्यता नाही. देशांतर्गत बाजारासाठी ग्रेपनेटसारखी माग काढणारी व्यवस्था उभारायची तर खर्च कोणी उचलायचा, हेही ठरायचे आहे. २०२४ च्या तत्त्वांचा खरा अर्थ पुढच्या निवाड्यांतून आकार घेईल.

तक्रारीचा मार्ग मात्र आजही खुला आहे. दिशाभूल करणाऱ्या दाव्याची तक्रार ग्राहकाला केंद्रीय प्राधिकरणाकडे किंवा कायद्याच्या कलम १७ नुसार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी वा ऑनलाइन करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जाहिरातीची प्रत, वेष्टनाचे छायाचित्र आणि खरेदीची पावती सोबत जोडावी.